रेशनकार्ड मात्र गिरगावचं

सत्तरच्या दशकात आमच्या आईवडिलांच्या पिढीनं गिरगावातल्या खोल्या सोडल्या आणि बोरिवलीत ब्लॉक घेतले. 'ब्लॉक' म्हणजे तेव्हा केवढा मान! संडास घरात आला, जीव मात्र चाळीतच राहिला. 1957 सालीच बोरिवली बृहन्मुंबईत आली होती, पण आमच्या घरांत ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. आमचे वडील, दादा, फोर्टात कामाला निघताना 'मुंबईला जातो' असंच सांगायचे. केस गिरगावच्याच न्हाव्याकडे कापायचे. गणपतीत सगळे गिरगावात, पाच दिवस आख्ख्या मजल्याला कुलपं.

आणि रेशनची साखरही गिरगावची. दादा ती पिशवीतून लोकलनं आणत. पास होता म्हणून बरं, नाहीतर सोन्याच्या भावात पडली असती.

बोरिवली गावाशी गाठ बांधली ती आयांनी, माशांवरून. गोराईच्या कोळीण मावशी जिना चढून येत. पाटी उतरवायला आई हात लावायची. मावशी चुंबळ उंबऱ्यावर ठेवत, आधी तांब्याभर पाणी पीत, मग भाव सांगत. पावसाळ्याआधी सुका जवळा किती भरायचा, कडकडीत उन्हात कसा वाळवायचा, हे त्यांनीच शिकवलं. स्टेशनबाहेर नॅशनल पार्कातल्या पाड्यांवरच्या वारली बायका करवंदं-जांभळं घेऊन बसल्या की आमचा उन्हाळा सुरू.

"तुम्ही कुठल्या?" मावशींनी एकदा विचारलं.

"गिरगावच्या."

"मग इथं पाहुण्या काय?"

आईला ते लागलं. तिनं दादांचा पिच्छा पुरवला. कचेरीत चार खेटे झाले आणि रेशनकार्डावर बोरिवली आली. त्या वर्षी गणपतीही इथंच बसला.

बोरिवलीतल्याच एकसर गावातले कोरीव दगड आम्ही येता-जाता बघायचो. वीरगळ हा शब्द फार पुढे कळला. त्यांवर वल्ह्यांची जहाजं आहेत, लढाई आहे. 1265 च्या सुमारास शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेलं आरमारी युद्ध ते हेच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे गिरगावात चाळी उठण्याच्या सहाशेक वर्षं आधी इथं माणसं लढून मेली होती, आणि आम्ही या जागेला 'मुंबईबाहेर' म्हणून नाकं मुरडत होतो!

आमच्यातले कितीतरी जण आता मीरा रोड, विरारला गेलेत. कुणी विचारलं की छाती काढून सांगतात, 'आम्ही बोरिवलीचे.' एकसरची जुनी माणसं मात्र अजूनही 'एकसरचे' एवढंच सांगतात. बोरिवली त्यांच्या लेखी स्टेशनाचं नाव.