केव्हा येऊ?

नाशिकला घर असले की दोन प्रश्नांची उत्तरे कायम तयार ठेवावी लागतात. पहिला, "चिवडा कुठला चांगला?" आणि दुसरा, "आम्ही केव्हा येऊ?" पहिल्यावर आमच्या एकाच घरात तीन पक्ष आहेत, तेव्हा तो सोडून देऊ. दुसऱ्याचे उत्तर मात्र अगदी सोपे, असा सर्वांचा समज असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी! प्रवासाचे कोणतेही पुस्तक उघडा, हेच सापडेल.

आणि ते खोटेही नाही. समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर बसलेले हे गाव. मुंबईचे पाहुणे कसारा घाट चढून येतात आणि स्वेटर कुठल्या बॅगेत ठेवला ते आठवू लागतात. पहाटे गंगेवर जाऊन येतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणतात, "काय सुरेख थंडी आहे हो तुमच्याकडे!" जणू ती मीच दिवाळीच्या फराळाबरोबर डब्यात भरून ठेवली होती!

पण माझी शाळा शहराबाहेर, निफाडच्या रस्त्याला. तिथे ही सुरेख थंडी वेगळ्या तोंडाने वर्गात येते. पौषातल्या एका सकाळी सातवीतला एक मुलगा पहिल्याच तासाला पेंगत होता. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "रात्री बागेत शेकोट्या पेटवत होतो, बाई." थंडी फार पडली की द्राक्षाचे मणी फुगत नाहीत, त्याहून पडली की तडकतात, आणि तडकलेला घड व्यापारी हातात धरीत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. वर्तमानपत्रे ती बातमी कौतुकाने छापतात. बागाईतदाराच्या घरात मात्र त्या रात्री कुणी अंथरुणावर पाठ टेकीत नाही.

त्याच आठवड्यात मी वर्गाला निबंध घातला होता, 'माझा आवडता ऋतू'. बाकीच्यांनी वसंताची कोकिळा आणि शरदाचे चांदणे आणून पाने भरली. या मुलाने एकच वाक्य लिहिले होते : "आमच्या घरी सगळ्यांना श्रावण आवडतो, कारण तेव्हा वेलीला द्राक्षे नसतात." निबंध दहा ओळींचा हवा होता; तरी मी पैकीच्या पैकी गुण दिले.

श्रावणाला मत देणारा तो काही पहिला नव्हे. पांडवलेण्यांत एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि त्यांच्या खर्चाचीही सोय करून ठेवली. दोन हजार कार्षापण त्याने इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, असे त्याने दगडावर कोरून ठेवले. हे उदाहरण मी वर्गात नेहमी घालते. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब, एका कार्षापणाचीही चूक नाही! आणि पाहुणे आले ते कधी? ऐन पावसाळ्यात. भिक्षूंनी पावसात हिंडायचे नाही, एके ठिकाणी राहायचे, असा त्यांचा नेम. सिंहस्थातली मुख्य स्नानेही श्रावण-भाद्रपदातच येतात. म्हणजे आमच्या गावच्या जुन्या पाहुण्यांनी प्रवासाचे पुस्तक वाचलेलेच नव्हते.

तसा आमचा पाऊस समजूतदार. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. तिथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांवर शहरात येईपर्यंत त्याचे सातशेच्या आसपास उरते. घाटात उलटी झालेली छत्री नाशिकला पोचेपर्यंत वाळते म्हणा ना! पण त्र्यंबकेश्वराकडे आभाळ फाटले की गंगा चढते, आणि मग सारे गाव एकमेकांना एकच विचारते, "मारुतीला पाणी कुठवर आलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचे पूर मोजण्याचे माप. गुडघ्यापर्यंत आले तर गंमत, कमरेपर्यंत आले तर काळजी. छातीच्या वर गेले की भांडी बाजारातली आणि सराफ बाजारातली माणसे माल हलवू लागतात.

पण ऋतूचा हा खल करताना राहून राहून मनात येते, की या गावी येणाऱ्या किती जणांनी ऋतू विचारला असेल? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे इथे जमली. हवा कशी आहे हे विचारून त्यांतले कुणी घरून निघाले नसेल. देवळाची दारे बंद होती, माणसे दारांशी बसली. फाल्गुनाचे ऊन चढत होते. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. सगळेच ऋतू त्या दारांवरून येऊन गेले.

आणि माझी मावशी. वीस वर्षे ती गिरगावातून विचारीत होती, "केव्हा येऊ गं?" मी दर वेळी कळवीत असे : थंडीत ये, द्राक्षांत ये. कधी मावसोबांना रजा नसे, कधी मुलांच्या परीक्षा आड येत. ती आली २०१६च्या एप्रिलमध्ये, मावसोबांच्या अस्थी घेऊन. त्या वर्षी पाडव्याच्या सुमारास रामकुंड कोरडे पडले होते. टँकरने पाणी आणून कुंडात सोडावे लागले. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र पायरीवर बसून त्या पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पाणीही आणावं लागलं, आणि यांनाही मीच आणलं. दोघंही आपण होऊन काही आली नाहीत." मग ती आठ दिवस राहिली. सरत्या हंगामाची द्राक्षे होती, ती तिने शेवटच्या मण्यापर्यंत खाल्ली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गंगेला महापूर आला, पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेले. दुपारी मावशीचा फोन. "कशी आहेस" नाही, "घरी सगळी बरी ना" नाही, पहिलाच प्रश्न, "मारुतीला पाणी कुठवर?" मी ओळखले, ही आता पाहुणी राहिली नाही. त्यानंतर ती वर्षातून एकदा तरी येते, आणि केव्हा येऊ हे विचारीत नाही.

तेव्हा तुम्हीही याच. रथ पाहायचा तर चैत्रातल्या एकादशीला या, रहाडीत उडी घ्यायची तर रंगपंचमीला या, द्राक्षे हवी असतील तर फेब्रुवारीत या. सवड असेल तो ऋतू चांगला. एवढेच करा, की पौषात आलात आणि पहाटे गारठा सुखाचा वाटला, तर "काय सुरेख थंडी!" हे जरा हळू म्हणा. चहाच्या टपरीवर शेजारच्या बाकावर निफाडकडचा कुणीतरी बसलेला असेल, रात्रभर जागून आलेला.