कॅमेऱ्याचा ‘एफआयआर’

आमच्या घरी दहीहंडीचा एक फोटो नाही. म्हणजे हंडीचे ढीगभर आहेत, पण ज्याच्यावरून आई अजून टोमणे मारते, तो नाही.

२०१३ची गोष्ट. धाकटी बहीण महिला गोविंदा पथकात पहिल्यांदाच सगळ्यात वरच्या थरावर चढणार होती. मी नुकताच ऑफिसातल्या एका सीनियरकडून सेकंडहँड कॅनन सेव्हन-डी घेतला होता. बरीचशी बचत त्यात गेलेली, त्यामुळे रुबाब विचारू नका. सेकंदाला ८ फोटो, बॉस! हंडी फुटतानाचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

थर लागले. ही वर पोचली, उभी राहिली आणि मी बटण दाबूनच धरलं. खटखटखट... आणि कॅमेरा एकदम गप्प. व्ह्यूफाइंडरमध्ये एकच शब्द, ‘बिझी’. मी रॉ फॉरमॅटमध्ये शूट करत होतो आणि बफर भरला होता. काढलेले फोटो कार्डावर उतरेपर्यंत पुढचे ठेवायला जागाच नाही. तेवढ्यात हंडी फुटली, दही सांडलं, थर उतरले. माझ्याकडे काय? हंडीकडे हात नेणारी बहीण, १५ वेळा.

‘दादा, झोपला होतास का?’ एवढंच म्हणाली ती.

रात्री सीनियरला फोन करून तक्रार केली. तो शांतपणे म्हणाला, ‘फर्मवेअर अपडेट केलंस का? मी काही केलं नव्हतं.’

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर. फोकस, बटणं, मेन्यू, सगळं तेच हाकतं. सेव्हन-डीसाठी कंपनीनं ऑगस्ट २०१२ मध्येच, म्हणजे कॅमेरा आल्यावर जवळजवळ ३ वर्षांनी, नवं व्हर्जन काढलं होतं. त्यात सलग रॉ फोटोंची मर्यादा १५ वरून २५ वर गेली होती. कॅमेरा तोच, आतली मेमरीही तीच. हिशेब करा, दोन सेकंदांच्या आत संपणारा खेळ तीन सेकंदांवर गेला. मला तेवढाच एक सेकंद हवा होता, आणि तो वर्षभर फुकटात उपलब्ध होता.

डाउनलोड केलेल्या फाईलच्या शेपटीला ‘एफआयआर’ अशी अक्षरं होती. स्वतःच्या आळसावर गुन्हा दाखल केल्यासारखं वाटलं. फाईल कार्डावर टाकली, बॅटरी फुल चार्ज केली, मेन्यूत जाऊन ओके दाबलं. मध्येच कॅमेरा बंद पडला तर त्याचा दगड होऊ शकतो, म्हणून तेवढी मिनिटं कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.

तेव्हापासून एक खोड लागली. नव्या मॉडेलच्या जाहिरातीआधी जुन्याला काय मिळालं ते बघायचं. कॅननच्याच फाइव्ह-डी मार्क टूवर सुरुवातीला व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचाच व्हायचा. सिनेमावाल्यांना हव्या असलेल्या २४ फ्रेम्स मार्च २०१० मध्ये फर्मवेअरनं आल्या. फुजीफिल्मनं तर कमालच केली. २०११च्या एक्स-हंड्रेडला ऑक्टोबर २०१३ मध्ये वेगवान ऑटोफोकस आणि फोकस पीकिंग दिलं, तेही त्याचा वारसदार एक्स-हंड्रेड-एस दुकानात आल्यावर! दुकानदारी बुद्धीला हा वेडेपणाच वाटेल. जुनंच चांगलं चालायला लागलं तर नवं कोण घेणार?

पण माझंच बघा ना. बॉडी सेकंडहँड, म्हणजे त्या व्यवहारात कंपनीला माझ्याकडून शून्य रुपये. पुढच्या काही वर्षांत त्याच माउंटच्या दोन लेन्सेस मात्र नव्याकोऱ्या घेतल्या. तेव्हा हा धर्मादाय नव्हे. शिवाय जुन्याला काय द्यायचं आणि नव्याच्या खोक्यावर छापायला काय राखून ठेवायचं, हे कंपनीच ठरवते. आणि फाईलनं काही सेन्सर बदलत नाही.

पुढच्या वर्षी मी २५ फोटोंची तयारी करून गेलो. बहीण खालच्या थरात होती. ‘नोकरी लागल्यावर वजन वाढलं रे,’ म्हणाली. हंडी फुटतानाचे चार फोटो मिळाले, एकदम सॉलिड. वर दुसऱ्याच कुणाची तरी बहीण होती. एक मोठा प्रिंट काढून तिच्या घरी पाठवला.