दोरा बदलण्याचे दिवस

आषाढात सुलतानपूरच्या वाऱ्याला अडवायला फारसं काही नसतं. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारा रस्ता, लोणारचा फाटा, आणि नुकत्या उगवलेल्या सोयाबीन-तुरीची उघडी रानं. या दिवसांत ओसरीवरचं विंड चाइम सकाळपासून वाजत असतं. मला हा आवाज फार प्रिय आहे. त्यातला एक सूर जरी गळाला तरी स्वयंपाकघरात बसून मला कळतं.

नळी सहसा बिघडत नाही, दोरा जातो. वैशाखाच्या उन्हात नायलॉन ठिसूळ होतं, सुती दोरा पावसात कुजतो, आणि नळीच्या भोकाची धार दोघांनाही रोज थोडी थोडी कापत राहते. म्हणून नवा दोरा ओवण्याआधी भोकाची कड कानशीनं घासून गुळगुळीत करावी. चप्पल शिवायचा मेणाचा दोरा मला सर्वांत भरवशाचा वाटतो; तो गाठ धरून ठेवतो. सुरगाठ इथं कामाची नाही, निरगाठच हवी. दोरा नायलॉनचा असेल तर उरलेलं टोक उदबत्तीनं वितळवून बसवावं.

नळी टांगायची कुठून, यात खरी गंमत आहे. नळी वाजते तेव्हा ती सगळीच थरथरत नाही. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर एकेक जागा जवळजवळ स्तब्ध असते. दोरा तिथून गेला तर तो कंप गिळत नाही आणि सूर रेंगाळतो. 30 सेंटिमीटरच्या नळीत ही जागा टोकापासून पावणेसात सेंटिमीटरवर येते. लोलक मात्र मध्यावर आपटू द्यावा, कारण त्या दोन स्तब्ध जागांच्या मध्ये नळी तिथंच सर्वांत जास्त हलते. एखादी नळी हरवलीच, तर नवी कापताना तंबोऱ्याच्या तारेचा हिशेब लावू नये. तार अर्धी केली की वरचा षड्ज मिळतो. तशीच नळी अर्धी केली तर सूर दोन सप्तकं वर जातो. 30 सेंटिमीटरच्या नळीचा वरचा षड्ज हवा असेल तर तिच्याच जाडीची नळी साधारण 21 सेंटिमीटरवर कापावी.

मोजमाप पुस्तकात मिळेल, हात मात्र पोळ्याच्या तयारीत बसतो. श्रावणी अमावास्या जवळ आली की घुंगरमाळा खाली उतरतात. चिंचेनं पितळ उजळतं, आणि जुना दोर तुटलेला नसला तरी काढून टाकतात. ओवणाऱ्या एका आजोबांना मी पाहत होते. माझ्या हातातली माळ त्यांनी सैल केली आणि म्हणाले, “आवळू नको बाई, घुंगराले हालाले जागा ठेव.” त्या दिवसापासून विंड चाइमच्या दोन नळ्यांमधलं अंतर मी त्यांच्या शब्दावर ठरवते.

आता पुष्कळ गोठ्यांत बैलजोडी नाही, नांगरटीला ट्रॅक्टर येतो. माळ मात्र खुंटीला असते, आणि ती मोडीत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. यंदा पोळ्याआधी घरात टांगलेलं जे जे वाजतं, त्याचा दोरा एकदा चिमटीत धरून पाहा. विरलेला लागला तर तुटायची वाट पाहू नका; त्याच दिवशी बदला.