पाळकाच्या पत्राला आलेले उत्तर

१/ नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पत्रे आहेत. मंडळ्यांतील भांडणे, विवाह, खाण्यापिण्याचे निर्बंध अशा रोजच्या प्रश्नांतून त्यांतील बरीच जन्मली. पाळकीय सेवेचे हे आरंभीचे लेखी दाखले. परंतु त्यांत एकच बाजू ऐकू येते.

२/ करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल त्यांनी लिहून विचारलेल्या गोष्टींकडे वळतो. म्हणजे करिंथहून आधी पत्र आले होते. ते आज उपलब्ध नाही. पाळकाचे उत्तर टिकले, कळपाचा प्रश्न हरवला.

३/ मराठी इतिहासात मात्र दोन्ही बाजू हाती लागतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. धर्ममाता होत्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत.

४/ पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात, असा विचार १८८५ मध्ये निघाला. मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई संतापल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांच्या शंका होत्याच.

५/ जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला; त्यांनी आज्ञापालनाचा उपदेश केला. रमाबाईंनी कळवले की भारतातील पुरोहितांचे जू नुकतेच उतरवले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेणार नाही. प्राचार्या डोरोथिया बील यांनाही रमाबाईंची मते पटत नव्हती. तरी त्या शंकांचा आदर राखून वाद घालत.

६/ रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या स्वतः शेकडो स्त्रियांच्या पाळक झाल्या. सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणले. पौलाची पत्रेही त्यात आली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

७/ हा पत्रव्यवहार संकलित केला तो जेराल्डिन यांनीच. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला खोडून काढणारी पत्रे त्यांनी जपून ठेवली, म्हणून आज रमाबाईंचा आवाज ऐकू येतो.

८/ आजच्या पाळकाने पौलाकडून लिहायला शिकावे. आणि आलेले उत्तर, कितीही बोचरे असले तरी, जपून ठेवायला या आजीबाईंकडून.