चिमणीची कामं

कल्याण-डोंबिवलीत संध्याकाळची गोष्ट किती लांबायची, ते लोकल ठरवते. आईबाबा मुंबईत, नातवंडं आजीआजोबांपाशी आणि सगळ्यांचे कान जिन्याकडे. अशा वेळी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचं खरं मोल कळतं. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावत राहतो आणि चिमणी आतून एकेक काम सांगत राहते. बाळाला न्हाऊ घालायचं, पावडर लावायची, निजवायचं. गाडी वेळेवर असली की कावळा दोन कामांत आत येतो; दिव्याच्या फाटकाला खोळंबली, तर सासूबाईंची चिमणी बाळाचा स्वेटरसुद्धा विणायला घ्यायची. वाट पाहणाऱ्या मुलासाठीच कुण्या बाईनं ही गोष्ट रचली असणार, असं मला मनापासून वाटतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. मी घाटकोपरला अडकले, नवऱ्याचा फोन लागेना. त्या रात्री सासूबाईंनी कावळ्याला पहिल्याच थापेला आत घेतलं. बाहेर तसा पाऊस असताना त्याला दारात उभं करणं त्यांना जमलं नाही.

पण मग उरलेली रात्र? ती आजोबांनी निभावली. ते मूळचे ठाण्याचे. तिथल्या तुरुंगाची, म्हणजे जुन्या किल्ल्याची भिंत त्यांच्या लहानपणातली. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथे इंग्रजांच्या कैदेत होता. त्याच्या खिडकीखाली एका साहेबाचा मोतद्दार घोड्याला खरारा करत मराठीत गाणं म्हणे, आणि गाण्यातून सुटकेचा बेत सांगे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना अक्षर कळत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. बिशप हेबरनं ही हकिगत प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. आजोबांनी ती आपल्या आजोबांकडून ऐकली होती. ‘गाणं कुठलं?’ असं लेकीनं विचारल्यावर त्यांनी तिथल्या तिथे एक रचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिखलानं माखून घरी पोचले, तर ती मला तेच ऐकवत सुटली.

आता लेक स्वतः सकाळची डोंबिवली लोकल पकडते. परवा सुट्टीत भाचा तिच्या मागे लागला : त्रिंबकजी सुटला, पण घोड्याचं काय झालं? आजोबांनी ते कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘सांगते ना. पण थांब हं, मोतद्दाराला अजून घोड्याचे चारही पाय धुवायचेत.’