अर्ध्या तोळ्याची गोळी

जूनमध्ये वायोमिंग राज्याच्या लॉटरीत माझा नंबर लागला. मिळालं काय, तर एक प्रॉन्गहॉर्न मारायचा परवाना. मी राहतो शेजारच्या कोलोरॅडोत, काम करतो पेमेंट सिस्टिमच्या बॅकएंडवर, आणि तोवर आयुष्यात फक्त जत्रेतले फुगे फोडले होते. अर्ज भरायला लावला टीममधल्या एका सिनिअरनं. त्याच्या फ्रीझरमध्ये वर्षभर पुरेल एवढं मांस असतं, सगळं स्वतः शिकार करून आणलेलं. मी मटण आवडीनं खातो, पण बोकड कुणी आणि कसा कापला हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही. एकदा तरी ते काम आपल्या हातानं करून बघावं, एवढंच डोक्यात होतं.

प्रॉन्गहॉर्नला इथे सगळे अँटिलोप म्हणतात, पण तो खरा अँटिलोप नाही. आपला काळवीट खरा. प्रॉन्गहॉर्न हा त्याच्या कुळातला एकटाच उरलेला प्राणी. आज जिवंत असलेल्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. वजन साधारण ४० ते ६० किलो आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. त्याला पळून गाठेल असा एकही शिकारी प्राणी आज अमेरिकेत नाही. जॉन बायर्स या जीवशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की हा वेग हिमयुगात नामशेष झालेल्या शिकाऱ्यांपासून वाचताना कमावलेला आहे. म्हणजे रिक्वायरमेंट कधीच गेली, कोड अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

मी मूळचा कर्जतचा, अहिल्यानगर जिल्ह्यातला. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्याच तालुक्यात. पिकात शिरलेला काळवीट हुसकावायचा, मारायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर मारलं तर तुरुंग. त्यामुळे बाबांच्या लेखी हरणाची शिकार म्हणजे सरळ गुन्हा. गंमत अशी, की अमेरिकेत एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच संघीय कायद्यानं गुन्हा आहे. त्यातल्या अपवादांपैकी एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. घरी ज्या कामाला गुन्हा म्हणतात, त्याच कामाच्या कागदामुळे मला इथे रायफलला हात लावता येणार होता.

रायफल माझी नव्हतीच. सिनिअरच्या कपाटात तीन होत्या: .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमोर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम. 'यातली एक निवड,' म्हणाला. मग मी दोन आठवडे वाचत बसलो.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं गोळीचा व्यास, तोही इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. पण नावांवर विश्वास ठेवायची सोय नाही. .२७० विंचेस्टरची गोळी खरं तर .२७७ इंचाची असते. .२४३ हे १९५५चं काडतूस, ६.५ क्रीडमोर २००७चं. गोळीचं वजन मोजतात ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा, साधारण ६५ मिलिग्रॅम. इंग्रजांनी हिंदुस्थानात तोळा प्रमाणित केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे .३०० मॅग्नममधून एल्कवर झाडतात ती १८० ग्रेनची गोळी झाली बरोब्बर एक तोळ्याची. .२४३ची १०० ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून जराशी जास्त. हा हिशोब आईला फोनवर सांगितला, तर ती म्हणाली, 'तोळ्याला भाव काय आहे माहितीये ना?'

ताकदीचा प्रश्न लवकर मिटला. पन्नास किलोच्या जनावराला तिन्ही काडतुसं पुरून उरतात. खरी अडचण वायोमिंगची. सेजब्रशच्या गुडघाभर झुडपांखेरीज आडोसा नाही, जनावराची नजर भन्नाट तीक्ष्ण, त्यामुळे लांबून गोळी झाडायचा मोह होतो. वरून वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशे यार्डांवर .२४३ची गोळी सात-आठ इंच बाजूला ढकलतो, ६.५ची पाच-सहा इंच. आणि हृदय-फुप्फुसांची जागा असते आठ-नऊ इंचांची, पोह्यांच्या डिशएवढी. त्यापलीकडे गेलं, की पोट फुटलेलं किंवा पाय मोडलेलं जनावर कुठेतरी जाऊन तासन्‌तास मरत पडतं. या सगळ्या प्रकारात मला भीती फक्त त्याची होती.

कागदावर उत्तर ६.५ होतं. पण दोन काडतुसांतला फरक दोन इंचांचा. नवख्या माणसाला दहा मैलांचा वारा आणि वीस मैलांचा वारा यांतला फरक गवताकडे बघून कळत नाही, आणि तेवढ्या चुकीनं गोळी आणखी पाच ते आठ इंच सरकते. म्हणजे सिस्टिममधली सगळ्यात मोठी एरर रायफलमध्ये नव्हतीच, रायफल धरणाऱ्यात होती. मग मोजायचा तो रायफल धरणारा.

ऑगस्ट-सप्टेंबरचे शनिवार रेंजवर गेले. टेबलावर रायफल टेकवून नाही, जमिनीवर बसून, काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवून, शिकारीत असते तसं. प्रत्येक रायफलनं शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्या, मग कागदावरचा पसारा मोजायचा. .३०० मॅग्नमचा धक्का .२४३च्या जवळजवळ तिप्पट. तिसऱ्या गोळीपासून चाप ओढायच्या आधीच माझा खांदा आक्रसायला लागला. तिचा पसारा सात इंच, ६.५चा चार, .२४३चा तीन. अंतर दुप्पट की पसारा दुप्पट. दोनशे यार्डांवर अनुक्रमे चौदा, आठ, सहा. तेवढ्या अंतरावर वाऱ्यात .२४३ इंचभर मागे पडते खरी, पण माझ्या हातात ती दोन इंच पुढे होती.

.२४३ला इथे बरेच जण मुलांची रायफल म्हणतात. सिनिअरची मुलगी बारा वर्षांची असताना त्यानं ती घेतली होती. मी तीच निवडली आणि काडतुसांच्या डबीवर मार्करनं लिहिलं: २०० यार्ड.

ऑक्टोबरमध्ये शर्ली बेसिनमध्ये पहिल्याच सकाळी एक मोठा नर दिसला. रेंजफाइंडरवर ३१० यार्ड. आडवा उभा, आमच्याकडे बघत. रायफलला ते अंतर जड नव्हतं. सिनिअर काही बोलला नाही, मीही नाही. आम्ही बघत राहिलो, तो चरत चरत उतारापलीकडे गेला. मग दिवसभर वारा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोरड्या ओढ्यातून गुडघ्यांवर, मग पोटावर सरकत गेलो. तळहातात निवडुंगाचे काटे. वर डोकं काढलं तेव्हा पाच माद्या, सगळ्यात जवळची १६० यार्डांवर. वारा तोंडावर. तिकाटणं लावलं, तिनं अंग आडवं करेपर्यंत थांबलो. आवाज ऐकल्याचं आठवत नाही. ती वीसेक पावलं पळाली आणि खाली बसली. आम्ही पोचलो तेव्हा संपलं होतं. डोळे उघडे, अंगाला सेजचा उग्र वास. सिनिअरनं सुरी माझ्या हातात दिली. पोट उघडून आतडी काढायची, मांस लवकर गार करायचं, नाहीतर खराब होतं. हात कोपरापर्यंत गरम झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं बघितलं आणि तो बर्फ आणायला ट्रककडे गेला.

मांस मऊ निघालं. आईच्या काळ्या मसाल्यात शिजवलं, मित्रांना वाटलं.

ऑफिसात ज्यानं त्यानं आधी विचारलं, कॅलिबर कुठलं? बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, 'लगेच गेली का?'

'वीस पावलं,' मी म्हणालो.

'हं,' म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.