चंद्रीचा मुका माज

चंद्रीची आई खिल्लार. पाहुणा गोठ्यात शिरला की शिंगं रोखणारी, आणि दूध म्हणाल तर वासराला पाजून उरेल ते तांब्याभर. बाप आम्ही कुणीच पाहिला नाही. तो जर्सी होता एवढंच ठाऊक. मोटारसायकलला बांधलेल्या नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांत गोठलेल्या बारीकशा कांडीतून तो आमच्या गोठ्यात आला. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बायफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतनाचं हे काम दारोदार नेलं. गायीला वळूकडे न्यायचंच नाही, हा प्रकार आबांना शेवटपर्यंत चावटपणाचा वाटे.

त्यांची दुसरी हरकत मात्र रास्त होती. संकरित खोंडाला वशिंड नावापुरतं. जू टिकणार कशावर? त्यात ऊन सोसत नाही. ट्रॅक्टर नसलेल्या घरात बैल ही चैन नव्हती. चंद्री कालवड निघाली म्हणून आबा गप्प बसले, आणि पहिल्या वेतात तिने दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर दिल्यावर डेअरीत किटली स्वतःच नेऊ लागले.

चंद्री तांबूस, कपाळावर चांद, डोळे कायम अर्धे मिटलेले. हंबरणं तिला माहीतच नसावं. पावसात भिजली तरी गप्प, वैरणीला उशीर झाला तरी गप्प. तिचा माजही तसाच, मुका. इतर गायी गोठा डोक्यावर घेत. ही नुसती उभी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा हिशोब सरळ आहे. पण दिसायला तर हवा! चुकला की पुढचे एकवीस दिवस पेंड घालत बसा.

तो फक्त आजीला दिसायचा. धार काढताना दूध जरा चोरलं, पेंड अर्धी ठेवली, शेपटीला चिकट बळस लागला, की ती मला हाक मारी, “सायकल काढ. दिवस मावळायच्या आत डॉक्टरांना घेऊन ये.” डॉक्टर म्हणजे रेतन करणारा माणूस, गावात त्याला दुसरं नाव नव्हतं. एकदा तो चंद्रीकडे बघून म्हणाला, “आजी, ही तर निवांत रवंथ करतेय.”

“तुम्ही हात घालून बघा,” आजी म्हणाली.

त्याने तपासलं, मान हलवली आणि ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट कांडी धरली. चंद्री गाभण राहिली. टाकीतलं शास्त्र कितीही पक्कं असो, त्याचं घड्याळ आजीच्या हातात होतं, असं मला अजून वाटतं.

पुढे पुन्हा जर्सीची कांडी घालायची का, यावर घरात वाद झाला. विदेशी रक्त पाऊण हिश्श्यावर गेलं की दुधाबरोबर गोचीडताप आणि उन्हाची धापही वाढते. डॉक्टरांनी संकरित वळूचीच कांडी सुचवली, म्हणजे रक्त निम्म्याच्या आसपास राहील. आबांना हा तोडगा पटला.

म्हातारी झाल्यावर चंद्रीसाठी व्यापारी आला, तेव्हा आजीने त्याला चहाही विचारला नाही. चंद्रीला आमच्याच बांधावर पुरलं.

तिच्या पणतीला पुतण्याने गेल्या वर्षी कालवडीच होणारी नवी कांडी भरवली. शंभरात नव्वद कालवडी, असं सांगतात. आमच्याकडे गोऱ्हा झाला. वहिनींनी त्याचं नाव ‘दहा टक्के’ ठेवलंय.